सूत ओळखणाऱ्याला गळाची दोरीही ओळखता येते
बास माशाची नकली आमिषे आणि त्यांना लागणाऱ्या तीन जातींच्या दोऱ्या

सुताच्या आणि कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने मासे धरण्याच्या दोरीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ही दोरी म्हणजे सूतच होय. तिला डेनियर आहे, पदर आहेत, ताकद आहे, ओल शोषण्याची खोड आहे. आणि सुताच्या बाजारात जशी भेसळ चालते तशी तिच्यातही चालते. ज्या व्यापारी बांधवांना सूत हाताने ओळखता येते त्यांना हा माल समजायला एक दुपार पुरते.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात लेक फोर्क नावाच्या तलावाजवळ किराण्याचे लहान दुकान चालवतो. हा तलाव १९८० साली धरण बांधून अडवला गेला, आणि पाण्याखाली गेलेली पुष्कळ झाडे मुद्दाम न तोडता तशीच उभी ठेवली गेली. त्या बुडालेल्या झाडांच्या आडोशाला बास नावाचा मासा माजतो. १८.१८ पौंडांचा टेक्सासचा विक्रमी बास १९९२ साली याच तलावात सापडला. दूरदूरचे लोक केवळ या माशासाठी तिथे येतात, बहुतेक जण मासा धरून परत सोडून देतात, आणि त्या पायी दोरी, काठी, रीळ, आमिषे यांवर चांगला पैसा खर्च करतात. दुकानात दूध-पावापेक्षा या मालात नफा जास्त, हे भाच्याने पहिल्या वर्षातच ओळखले होते.

२०१८ साली मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो खिन्न होता. त्याने एका घाऊक व्यापाऱ्याकडून दोरीचे चार खोके स्वस्तात घेतले होते आणि गिऱ्हाईक ती दोरी परत आणून टेबलावर आपटत होते. "मामू, डब्यावर तर फ्लोरोकार्बन लिहिलंय, आणि हे लोक म्हणतात की ही फ्लोरोकार्बन नाहीच. मी काय ओळखणार?" मी डबा हातात घेतला. मोठ्या अक्षरांत फ्लोरोकार्बन, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'कोटेड'. म्हणजे आत नायलॉन, वरून फ्लोरोकार्बनचा पातळ लेप. पॉलिएस्टरला रेशमाचा भाव लावणारे आपल्याकडे काय कमी आहेत? मला हसू आले. त्याला मात्र आले नाही, कारण पैसे त्याचे गेले होते.

आता या दोऱ्यांच्या जाती पाहू.

नायलॉन येण्यापूर्वी गळाची मुख्य दोरी गुंफलेल्या रेशमाची किंवा जवसाच्या तंतूंच्या लिननची असे. वापरून झाली की ती सोडवून वाळत घालावी लागे, नाहीतर कुजे. टोकाचा बारीक, पारदर्शक तुकडा रेशमाच्या किड्याची ग्रंथी काढून, ती ताणून बनवीत. स्पेनमधील मुर्सिया हा प्रांत त्या मालासाठी प्रसिद्ध होता. अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीत १९३५ साली नायलॉन तयार झाले, १९३८ साली ते जाहीर झाले, आणि पुढे या सगळ्या जुन्या मालाची गरज उरली नाही. नायलॉनची एकेरी सलग तार म्हणजे मोनोफिलामेंट. आपल्या कोकणात तिलाच तंगूस म्हणतात.

तंगुसाचे गुण सुताच्या व्यापाऱ्याला नवे नाहीत. नायलॉन ओल धरते. आपल्या हिशेबात त्याचा रीगेन चार-साडेचार टक्के, आणि पाण्यात बुडून राहिले तर याहून बरेच जास्त. ओले झाले की ते थोडे मऊ होते, थोडी ताकद गमावते आणि जास्त ताणते. तुटण्यापूर्वी साधारण वीस ते तीस टक्के लांबते. पाण्यापेक्षा किंचितच जड, घनता १.१४, म्हणून हळूहळू बुडते. उन्हाने लवकर खराब होते. परंतु स्वस्त आहे, गाठ चांगली धरते, आणि हा जो ताण आहे तो पुढे दिसेल त्याप्रमाणे दोषही आहे आणि गुणही.

दुसरी जात फ्लोरोकार्बन. हे रसायन म्हणजे पीव्हीडीएफ. त्याची गळाची दोरी जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली काढली. हीही एकेरी तार, दिसायला तंगुसासारखीच, पण हातात घेतल्यावर ताठ आणि वजनदार लागते. घनता १.७८, त्यामुळे झपकन बुडते. पाणी शोषत नाही, ऊन सोसते, दगडा-लाकडावर घासली तरी सहज कापली जात नाही. ती पाण्यात 'अदृश्य' होते असे दुकानदार सांगतात. प्रकाश वाकवण्याचे मोजमाप पाण्याचे १.३३, फ्लोरोकार्बनचे १.४२ आणि नायलॉनचे सुमारे १.५३ आहे. म्हणजे ती नायलॉनपेक्षा कमी दिसते एवढेच खरे. अदृश्य वगैरे काही नाही. तसेच ती ताणतच नाही असेही सांगितले जाते. तेही चूक. ताणते, पण हलक्या ओढीला ओल्या नायलॉनपेक्षा कमी ताणते, आणि फार ताणली गेली तर पूर्ववत होत नाही.

तिसरी जात गुंफलेली, म्हणजे ब्रेड. हे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन. हॉलंडच्या डीएसएम कंपनीने काढलेले डायनीमा आणि अमेरिकेचे स्पेक्ट्रा ही त्याची दोन मोठी नावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच्या गळाच्या दोऱ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या. उंची नायलॉनची ताकद आठ-नऊ ग्रॅम प्रति डेनियर असते. या सुताची तीस ते चाळीस ग्रॅम. मी पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा छपाईची चूक समजलो होतो. ५० पौंड ताकदीची ब्रेड ही १२ पौंडांच्या तंगुसाइतकीच जाड असते. ताण जेमतेम तीन-चार टक्के. घनता ०.९७, म्हणून तरंगते. दोष असे की ती अपारदर्शक, निसरडी, दगडाच्या धारेवर लवकर कापली जाते, आणि सुमारे १५० अंशांच्या आतच वितळते.

एक गोष्ट आपल्या यंत्रमागवाल्यांना विशेष वाटेल. जपानमध्ये या ब्रेडचे नंबर डेनियरवर ठरवले आहेत: १ नंबर म्हणजे २०० डेनियर, २ नंबर म्हणजे ४००. तंगुसाचा १ नंबर मात्र जाडीवर, ०.१६५ मिलिमीटर. चार पदरी, आठ पदरी असे माल वेगवेगळे येतात. आठ पदरी १ नंबर घेतला तर प्रत्येक पदर साधारण २५ डेनियरचा पडतो. तो गोल आणि गुळगुळीत असतो, चार पदरी खरखरीत पण टिकाऊ. डबलिंगचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता मुद्द्याकडे येतो. बासच्या शौकिनाकडे एक आमिष नसते, डबाभर असतात, आणि प्रत्येकाचे काम निराळे. दुकानदाराने "कोणते आमिष टाकणार?" हे विचारल्याशिवाय दोरी विकू नये. भाच्याला मी हेच पहिल्यांदा शिकवले, जरी मासा माझ्या स्वतःच्या गळाला आजतागायत लागलेला नाही.

सर्वांत जास्त खपते ते प्लास्टिकचे गांडूळ आणि जिग. गांडुळाच्या अंगात गळाचे टोक लपवून, पुढे गोळीच्या आकाराचे वजन लावतात. याला टेक्सास रिग म्हणतात. अशा रीतीने ते झाडाझुडपांत सहसा अडकत नाही. जिग म्हणजे वजनाला चिकटवलेला गळ आणि त्याभोवती रबराच्या तंतूंची झालर. दोन्ही तळाशी पडू द्यायची आणि हळूच हलवायची. मासा बहुधा आमिष खाली पडत असतानाच तोंडात घेतो आणि नको वाटले तर क्षणात थुंकतो. तेव्हा दोरी ढिली असतानाही तो स्पर्श हाताला कळला पाहिजे. ओले नायलॉन ही खबर वाटेतच खाऊन टाकते. फ्लोरोकार्बन जड असल्याने सरळ बुडते, आमिषापर्यंतचा मार्ग ताठ ठेवते, आणि बुडालेल्या झाडाच्या खोडावर घासले तरी टिकते. म्हणून या दोघांना फ्लोरोकार्बन: मोकळ्या पाण्यात १२ ते १५ पौंड, झाडांत १५ ते २० पौंड. भाच्याच्या गिऱ्हाइकांना लेप दिलेले नायलॉन गेले होते ते नेमके याच कामासाठी. मासा येऊन गेला तरी त्यांना पत्ता लागत नव्हता, आणि लागलाच तर गळ रुतायच्या आत दोरी ताणून जात होती. लोक संतापले ते उगाच नाही. दोनशे मैल गाडी चालवून आलेल्या माणसाची सगळी सुट्टी त्या दोरीने खाल्ली होती.

याच्या अगदी उलट काम पाण्यावर चालणाऱ्या आमिषांचे. लाकडाची किंवा प्लास्टिकची मासोळी पृष्ठभागावर डावी-उजवी डुलत चालते, किंवा तोंडाच्या खळग्याने पाणी उडवत 'टप्प टप्प' करते. तिला फ्लोरोकार्बन लावले तर दोरी बुडते आणि मासोळीचे नाक खाली ओढते. चाल बिघडली की मासा फिरकत नाही. इथे १४ ते १७ पौंडांचे तंगूस उत्तम. ब्रेड तरंगते म्हणून तीही चालते, परंतु ती इतकी मऊ असते की मासोळीच्या पुढच्या तीनतोंडी गळात अडकते. अनुभवी लोक ब्रेडच्या टोकाला हात-दीड हात तंगूस जोडतात.

पृष्ठभागावरचेच, पण स्वतंत्र प्रकरण म्हणजे रबराचा पोकळ बेडूक. हा शेवाळाच्या आणि कमळपानांच्या गालिच्यावरून ओढायचा. मासा खालून गालिचा फोडून झडप घालतो आणि लगेच वनस्पतीत घुसतो. तेव्हा ओढायचा असतो तो चार-पाच पौंडांचा मासा आणि त्याच्याबरोबर बादलीभर हिरवळ. इथे ५० ते ६५ पौंडांची ब्रेड, सरळ गळाला बांधलेली, बाकी काही नाही. ती ताणत नाही म्हणून जाड गळ माशाच्या जबड्यात रुततो, आणि बारीक असल्याने वनस्पतीचे देठ सुरीसारखे कापत येते. एवढी जाड दोरी माशाला दिसणार नाही का, असा प्रश्न मी विचारला होता. गालिच्याखालच्या अंधारात त्याला दोरी दिसते कुठे! दाट वनस्पतीत जड वजनाने भोक पाडून जिग सोडायची असली तरी हीच दोरी.

क्रँकबेट हे आमिष ओठासारख्या पट्टीमुळे ओढताना खोल जाते. त्याला बारीक तारेचे तीनतोंडी गळ असतात आणि मासा ते चालत्या अवस्थेत पकडतो. ब्रेड लावली तर माशाने झटका दिला की ताण कुठेच सामावत नाही, आणि गळ तोंड फाडून निसटतो. इथे नायलॉनचा तोच ताण, ज्याला वर दोष म्हटले, कामी येतो. म्हणून १० ते १२ पौंडांचे तंगूस, किंवा मऊ काठी असेल तर फ्लोरोकार्बन. आणखी एक: दोरी जितकी जाड तितका पाण्याचा अडथळा जास्त, तितके आमिष कमी खोल जाते. पंधरा फूट जाणारे आमिष २० पौंडांच्या तंगुसावर पंधरा फूट जाणार नाही. गिऱ्हाईक मात्र दोष आमिषाला देईल आणि तेही परत आणेल.

जर्कबेट ही बारीक, झटके देऊन मध्येच थांबवायची मासोळी. तिला ८ ते १२ पौंडांचे फ्लोरोकार्बन. स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पत्र्यांचे आमिष, फारसे नखरे करत नाही. १५-१७ पौंडांचे तंगूस किंवा फ्लोरोकार्बन काहीही द्यावे.

राहिली ड्रॉप शॉट. स्वच्छ, खोल पाण्यात वजन तळाशी आणि छोटे आमिष त्याच्या हातभर वर. इथे स्पिनिंग रिळावर १० ते १५ पौंडांची बारीक ब्रेड आणि टोकाला सहा ते दहा फूट ६-८ पौंडांचे फ्लोरोकार्बन. स्पिनिंग रिळावरून ताठ तार गुंडाळ्या होऊन उडते, ब्रेड उडत नाही. आणि माशाजवळ फक्त कमी दिसणारी तार राहते. दोन जातींचे सूत जोडून दोघांचा गुण घेणे, हे ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा ठेवण्यासारखेच झाले.

आता ओळखण्याची गोष्ट, कारण व्यापाऱ्याचे नुकसान तिथे होते. सूत ओळखायला आपण जाळून पाहतो. फ्लोरोकार्बन मुळीच जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो. त्याऐवजी मी भाच्याला मिठाच्या पाण्याची युक्ती दाखवली. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घालावे. अशा पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते. त्यात दोरीचा बोटभर तुकडा साबणाच्या पाण्याने ओला करून, बुडबुडे झटकून सोडावा. नायलॉन तरंगते, फ्लोरोकार्बन दगडासारखे खाली जाते. त्याच्या खोक्यातला तुकडा तरंगला तेव्हा त्याच्याकडे वाद घालायला पुरावा आला. ब्रेडसाठी साधे पाणी पुरे: खरे पॉलिथिलीन नीट भिजवल्यावरही तरंगते, पॉलिएस्टरची गुंफण बुडते. डब्यावर मुद्दाम 'बुडणारी' असे लिहिले असेल तो माल यातून वगळावा. घाऊक व्यापाऱ्याने दोन खोके परत घेतले. उघडलेल्या दोन खोक्यांचे पैसे बुडाले ते बुडाले.

मात्र सगळा दोष दुसऱ्याचा नव्हता. भाच्याने चांगल्या तंगुसाची रिळे शोभेसाठी काचेच्या खिडकीत टांगली होती, टेक्सासच्या उन्हात. आपण गडद रंगाचे कापड खिडकीत ठेवून घडीवर पांढरा पट्टा पाडून घेतो, तसाच प्रकार. फरक इतका की कापडाचा पट्टा दिसतो, दोरीचा अशक्तपणा दिसत नाही. मी ती सगळी रिळे उतरवून मागच्या थंड खोलीत ठेवायला लावली आणि खिडकीत रिकामी खोकी मांडली.

विक्रीच्या दृष्टीने सर्वांत फायद्याची बाब म्हणजे रीळ भरून देणे. मोठ्या बॉबिनवरून गिऱ्हाइकाच्या रिळावर दोरी ताणून गुंडाळून द्यायची आणि वारावर पैसे घ्यायचे. ब्रेड निसरडी असल्याने नुसत्या रिळावर ती गरगर फिरते, म्हणून तळाला थोडे तंगूस गुंडाळावे लागते. अर्धे रीळ स्वस्त तंगुसाने भरले तर महाग ब्रेड निम्मी लागते. गिऱ्हाइकाला हे आपणहून सांगितले तर एका विक्रीत नफा कमी होतो, पण ते दुसऱ्या दुकानात जात नाही. वर्षभराने तीच ब्रेड उलटी करून भरली की आतली कोरी बाजू वर येते. गुंडाळताना मात्र ओल्या फडक्यातून घट्ट ओढावी. सैल भरली तर जोराच्या ओढीने वरचा फेरा खालच्या फेऱ्यांत रुतून बसतो. सैल भरलेल्या कांडीचा त्रास ज्या कारागिराने सोसला आहे त्याला हे पटेल.

गाठीबद्दल दोन शब्द. तंगुसाला क्लिंच नावाची पीळ देऊन ओवलेली गाठ पुरते. ब्रेडवर तीच गाठ सरकते. तिला दुहेरी दोरी ओवून बांधायची पालोमार गाठ लागते. फ्लोरोकार्बनची गाठ थुंकीने ओली करूनच ओढावी, कारण कोरडी ओढली की घर्षणाच्या उष्णतेने तार तिथेच कमकुवत होते. "दोरी कच्ची निघाली" अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत भाच्याला पुढे असे बरेच जण आढळले ज्यांची दोरी खरी होती आणि गाठ कोरडी.

आपल्या किनाऱ्यावरही आता काठी-रीळ घेऊन नकली आमिषाने जिताडा धरणारे शौकीन दिसतात. बासचे ओठ कानशीसारखे खरखरीत असतात, पण त्याला कापणारे दात नसतात. जिताड्याच्या कल्ल्याचे झाकण मात्र पात्यासारखे धारदार असते. बारीक ब्रेड सरळ आमिषाला बांधली तर मासा एका हिसक्यात ती कापून जातो. त्याच्यासाठी ब्रेडच्या पुढे ४० पौंडांच्या आसपासचे जाड तंगूस किंवा फ्लोरोकार्बन दोन-तीन हात जोडलेच पाहिजे. कोकणातील ज्या दुकानदारांनी ब्रेड ठेवायला सुरुवात केली आहे त्यांनी तिच्या शेजारीच हे जाड रीळ मांडावे, आणि पहिली विकताना दुसरीचे नाव घ्यावे.